कंसातले वाक्य : टिळकांचे नगरचे भाषण वाचताना

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मिरा रोडला नया नगरातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने मला थांबवले. तो कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. मोबाईल पुढे धरून म्हणाला, "अंकल, हे खरं आहे का?" पडद्यावर लोकमान्य टिळकांचे पगडीतले चित्र होते आणि खाली एकच वाक्य : मुसलमानांना मी परके म्हणत नाही. मी काही बोलण्याआधीच त्याने दुसरा निरोप उघडला. त्यातही तेच चित्र होते, पण मजकूर १८९३ च्या दंगलींनंतरच्या लेखनातला आणि नेमका उलट सुराचा. दोन्ही निरोप त्याला एकाच संध्याकाळी, दोन वेगवेगळ्या ग्रुपवरून आले होते.

"यातलं खोटं कुठलं?"

"बहुधा कुठलंच नाही, बेटा," मी म्हटले. त्याचा चेहरा पडला. त्याला एक उत्तर हवे होते आणि मी दोन प्रश्न त्याच्या हातात ठेवले होते.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब लिहिण्यात माझी पंचवीसेक वर्षे गेली. शनिवारची अर्धी सुट्टी मिळाली की विरारहून येणारी लोकल पकडून दादरला उतरायचे आणि ग्रंथालयात बसायचे, एवढेच माझे शिक्षण. माझे आजोळ मात्र अहमदनगरचे. नानीचे घर झेंडीगेटला होते. त्यामुळे टिळकांची नगरची भाषणे मी फार वर्षांपासून पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे. त्या मुलाला जिन्यात उभ्या उभ्या जे सांगता आले नाही, ते येथे मांडतो. ऐतिहासिक भाषण कसे वाचावे याची रीत मला याच भाषणाने शिकवली.

भाषण कधी, कशासाठी?

पहिले काम तारखा लावण्याचे. हिशेबाच्या वहीत नोंद तारखेशिवाय होत नाही. भाषणाच्या बाबतीतही तो नियम पाळावा.

मंडालेची सहा वर्षांची शिक्षा भोगून टिळक जून १९१४ मध्ये पुण्यास परतले. लगेच पहिले महायुद्ध सुरू झाले. १९१५ मध्ये 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली. जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा तिचे अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस, टिळकांनी स्वतः पद घेतले नाही. १ मे रोजी ते बेळगावात बोलले, ३१ मे आणि १ जून रोजी नगरला. २३ जुलैला त्यांच्या वयाला साठ वर्षे पूर्ण झाली. पुण्यात सत्कार झाला, एक लाख रुपयांची थैली अर्पण झाली आणि त्याच दिवशी सरकारी नोटीसही आली. बेळगाव आणि नगर येथील तीन भाषणे राजद्रोही आहेत, तेव्हा एक वर्ष चांगल्या वर्तणुकीचा जामीन का घेऊ नये, अशी ती नोटीस होती. पुण्याचे जिल्हा मॅजिस्ट्रेट हॅच यांनी १२ ऑगस्टला निर्णय दिला : वीस हजारांचा स्वतःचा मुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीनदार.

तारखा अशा लावल्या की एक गोष्ट लगेच दिसते. बोलणारा माणूस राजद्रोहाबद्दल १८९७ आणि १९०८ मध्ये दोनदा शिक्षा भोगून आलेला आहे. देश युद्धात आहे. तिसऱ्यांदा तुरुंगात गेलो तर ज्या कामासाठी लीग काढली ते काम बुडेल, हे त्याला ठाऊक आहे. त्याचा प्रत्येक शब्द या जाणिवेतून गाळून बाहेर पडतो.

लिहून कोणी घेतले?

दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. भाषण हवेत विरते. आपल्या हाती लागतो तो कागद. तो कागद कोणी लिहिला, कशासाठी?

या भाषणांची टिपणे सरकारच्या लघुलेखकांनी घेतली. खटल्यात वाचली गेली ती या मराठी टिपणांची इंग्रजी भाषांतरे. ज्यांना टिळकांना अडकवायचे होते त्यांनीच हे भाषण आपल्यासाठी राखून ठेवले. वृत्तपत्राचा बातमीदार सारांश करतो, आवडलेले वाक्य ठेवतो, बाकीचे सोडतो. पुरावा गोळा करणाऱ्याला आडवळणाचे, घरगुती, विनोदाचे असे सगळेच टिपावे लागते, कारण आक्षेपार्ह काय ठरेल ते त्याला आधी माहीत नसते. म्हणून या भाषणांत आज बोलण्याचा ओघ सापडतो.

याच्या उलट उदाहरण टिळकांचेच आहे. तेल्या-तांबोळ्यांना कायदेमंडळात जाऊन काय करायचे आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार ब्राह्मणेतर चळवळीने कधी विसरले नाहीत, आणि विसरण्याचे कारणही नव्हते. पण ते कोठे काढले? बरेच जण अथणीची १९१७ ची सभा सांगतात, डॉ. आंबेडकरांनी आपल्या लेखनात सोलापूर, १९१८ असा उल्लेख केला आहे. गाव आणि साल बदलले म्हणून उद्गार खोटे ठरत नाहीत. मात्र अशा ठिकाणी शब्दाशब्दाचा कीस काढू नये. आशय धरावा आणि त्याचा परिणाम किती खोल गेला ते पाहावे. स्वराज्याच्या जन्मसिद्ध हक्काच्या घोषणेचेही तसेच. बेळगाव, नगर, नाशिक, लखनौ अशी अनेक गावे तिच्यावर हक्क सांगतात आणि ती मुळात काका बाप्टिस्टांची असेही सांगितले जाते.

शब्द कोणते, भाषा कोणती?

आता वाक्याकडे येऊ. छापील इंग्रजी भाषांतरात मुसलमानांविषयीचे ते विधान कंसात आहे. नगरला राज्य करणारे मुसलमान राजे, असे म्हणताना मध्येच कंस उघडतो, मी मुसलमानांना परके म्हणत नाही असे येते, कंस बंद होतो आणि वाक्य पुढे चालू लागते.

पण बोलताना कंस कोठे असतो? माणूस आवाज किंचित खाली घेतो, हाताने एक खूण करतो, क्षणभर थांबतो. तो कंस लघुलेखकाचा किंवा भाषांतरकाराचा आहे. एवढ्याशा खुणेने त्याने आपल्याला सांगितले की, हे विधान मुख्य वाक्याच्या कडेला उभे होते. आजच्या निरोपाने कंस पुसला आणि कडेला उभे असलेले विधान मधोमध आणून बसवले.

मग मुख्य वाक्य काय होते? या राजांनी येथे येऊन वस्ती केली आणि येथले धंदे भरभराटीला यावेत एवढी तरी इच्छा धरली, असा त्याचा मथितार्थ. 'एवढी तरी' हे शब्द महत्त्वाचे. त्यांत निजामशाहीची आरती नाही, मोजून मापून दिलेली पावती आहे. निरोप बनवणाऱ्याने हे मोजमापही गाळले.

भाषांतरात काय हरवते याचा नमुना याच भाषणांत आहे. राज्य इंग्रजांचे राहो, मधले लोक मात्र नकोत, हे सांगताना टिळक धन्याचे धान्य आणि कोठावळ्याचे दुखणारे पोट यांचा दाखला देतात. खर्चणाऱ्याचे खर्चते आणि कोठावळ्याचे पोट दुखते, ही म्हण ज्या घरात बोलली जाते तेथे सभा खुदकन हसते. इंग्रजीत मात्र उरतात ते मधले लोक आणि त्यांच्या पोटातल्या कळा. वाचणाऱ्या साहेबाला तो थेट आपल्यावरचा घाव वाटायचा. १९०८ च्या खटल्यात टिळकांची मोठी तक्रार हीच होती. 'केसरी'चे अग्रलेख सरकारी भाषांतरातून, मराठी न जाणणाऱ्या ज्युरीपुढे गेले. नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. शिक्षा सहा वर्षांची.

'सरकार' हा शब्दही तसाच. टिळकांनी दृश्य सरकार आणि अदृश्य सरकार असा भेद केला. त्यासाठी त्यांनी वेदान्तातले निर्गुण ब्रह्म आणि मायेने नटलेले सगुण रूप यांची उपमा दिली. बादशहा हे अदृश्य तत्त्व. कलेक्टरपासून शिपायापर्यंतची नोकरशाही हे त्याचे बदलणारे रूप. रूप बदला म्हणणे म्हणजे तत्त्वावर घाला घालणे नव्हे. कीर्तन ऐकत वाढलेल्या श्रोत्याला हे एका झटक्यात कळते. आणि याच उपमेत वकिली बचावही आहे : आमचा राग नोकरशाहीवर आहे, कायद्याने स्थापन झालेल्या सरकारवर नाही. टिळकांसमोर दोन श्रोते होते, एक सभा आणि दुसरा लघुलेखक. एकाच वाक्यात त्यांनी दोघांची व्यवस्था केली.

समोर कोण बसले होते?

हे भाषण पुण्यात झाले असते तर ते विधान आले असते का? मला शंका आहे. नगर हे शहर मलिक अहमदने पंधराव्या शतकाच्या शेवटी वसवले. निजामशाही १६३६ पर्यंत टिकली. फरिश्त्याच्या तवारिखेत असे आहे की, या अहमदचा बाप मूळचा ब्राह्मण, पाथरीच्या कुलकर्ण्याच्या घराण्यातला. मोगलांशी किल्ला लढवणारी चांदबीबी येथलीच. ज्या गावाचे नावच एका मुसलमान राजाच्या नावावरून पडले होते, त्या गावात परके कोण हा विषय काढायचा तर निजामशाहीला वगळून पुढे जाता येत नव्हते. (नगरचे आता अहिल्यानगर झाले आहे, १९१६ च्या भाषणाविषयी लिहिताना जुने नाव ठेवणेच योग्य.)

दुसरी गोष्ट धंद्याची. नगर हे हातमागाचे गाव. येथली लुगडी दूरवर जात. गिरणीच्या कापडाने या मागांचे काय केले हे विणकरांच्या गल्लीत कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणून टिळकांच्या युक्तिवादाचा सांधा धर्मावर नाही, धंद्यावर आहे. परकेपणा कातडीच्या रंगात नाही, धर्मात नाही, व्यवसायातही नाही. या देशात ज्याला राहायचे आहे, ज्याच्या मुलाबाळांना राहायचे आहे आणि म्हणून ज्याला देशाचे बरे व्हावेसे वाटते तो परका नव्हे, अशी त्यांची व्याख्या. देशाच्या भल्यासाठी झटणारा गोरा माणूसही तिच्यात बसतो. बाहेर राहते ती नोकरशाही, कारण तिचे हित दुसरीकडे बांधलेले आहे.

एकूण पाहिले तर रोख मुसलमानांवर नाहीच. ते या युक्तिवादातला साक्षीदार आहेत. आरोपी सिव्हिल सर्व्हिस आहे. ऐक्यावर प्रवचन द्यावे म्हणून टिळक उभे राहिले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, मग वाक्याची किंमत कमी झाली. मला उलट वाटते. साक्षीदार निवडताना वकील असा निवडतो, ज्याच्यावर सभेचा विश्वास बसेल. हजारभर लोकांपुढे हे विधान सिद्ध करत न बसता जाता जाता करता आले, यात त्या गावाची हवा दिसते. पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुसलमानांना कोणीच परके म्हणत नसते, तर मी म्हणत नाही असे सांगण्याची गरज काय होती? जे विधान मुद्दाम करावे लागते, त्याच्या विरुद्ध मत आसपास वावरत असते. कंसातल्या चार शब्दांतून दोन्ही गोष्टी दिसतात, आणि दोन्ही सांगितल्याशिवाय वाचन पुरे होत नाही.

न्यायालयाने कसे वाचले?

मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाविरुद्ध टिळक मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना. १९०८ मध्येही टिळकांच्या जामिनासाठी त्यांनीच अर्ज केला होता. तो तेव्हा फेटाळला गेला. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हॅच यांचा हुकूम रद्द केला.

या निकालात भाषण वाचण्याची जी रीत सांगितली आहे, ती मला आजही कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा उपयोगी वाटते. तिचा आशय असा : भाषण सगळे वाचावे. सरकारच्या बाजूने ओढू नये आणि अर्जदाराच्याही बाजूने ओढू नये. सुट्या शब्दांवर किंवा तुटक उताऱ्यांवर अडून न राहता एकूण परिणाम काय होतो ते पाहावे. आणि हा परिणाम ज्या श्रोत्यांपुढे भाषण झाले त्यांच्या मनावर होणारा असावा.

याआधी काय चालत असे ते आठवले की या रीतीचे मोल कळते. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितले की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. या व्याख्येने पाहिले तर मौनसुद्धा गुन्हा ठरेल. ज्युरी सहा विरुद्ध तीन अशी फुटली आणि टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. एकोणीस वर्षांनी त्याच माणसाचे कडक भाषण त्याच शहरातल्या न्यायालयाने वाचले आणि तो सुटला. दोन्ही वेळी मुद्दा कायद्याइतकाच वाचण्याचाही होता. न्यायमूर्तींनी टिळकांच्या मागण्या मान्य केल्या असा मात्र याचा अर्थ नाही; त्यांनी फक्त नीट वाचले.

वाक्याच्या आधी, वाक्याच्या नंतर

आता दुसऱ्या निरोपाकडे. १८९३ मध्ये प्रभासपाटणला आणि पुढे मुंबईला दंगली झाल्या. त्या वेळी 'केसरी'ने सरकार मुसलमानांचा पक्षपात करते असा सूर लावला. सार्वजनिक गणेशोत्सवाची वाढ याच वर्षांतली. मोहरमच्या ताबुतांत पूर्वी नाचत-गात जाणारे अनेक हिंदू मग मेळ्यांकडे वळले. तो सूर खोडून टाकता येत नाही आणि टाकूही नये. नगरच्या वाक्याने १८९३ धुऊन निघत नाही.

तसेच १८९३ ने नगरचे वाक्यही पुसले जात नाही. नगरनंतर सात महिन्यांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, लखनौला काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचा करार झाला. टिळक त्याच्या मागे उभे राहिले. हिंदूंनी फार दिले अशी कुरकुर झाली तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते की, स्वराज्याचे हक्क एकट्या मुसलमानांना, राजपुतांना किंवा खालच्या मानल्या गेलेल्या वर्गांना मिळाले तरी आपली हरकत नाही. मग झगडा तिघांत न राहता दोघांत राहील. हेही सावधपणे वाचले पाहिजे. त्यात डावपेच आहे, उदारपणाही आहे, आणि पुढच्याच काळात तेल्या-तांबोळ्यांच्या उद्गारांशी त्याचा मेळ बसवणे कठीण जाते. विभक्त मतदारसंघ मान्य करण्याची किंमत काय पडली, यावर आजही वाद होऊ शकतो. एक गोष्ट मात्र खरी : नगरच्या सभेत कडेने आलेले विधान लखनौला काँग्रेसच्या व्यासपीठावर कृतीत उतरले. भाषणातल्या वाक्याचे वजन ठरवायचे तर बोलणाऱ्याने पुढे त्याची काय किंमत मोजली ते पाहावे. यापेक्षा चांगला काटा मला अजून सापडलेला नाही.

माणूस तेवीस वर्षांत बदलतो, काळही त्याला बदलायला लावतो. १८९३ चे टिळक आणि १९१६ चे टिळक हे एकाच माणसाच्या खात्यातल्या दोन नोंदी आहेत. एक नोंद फाडून शिल्लक काढली तर हिशेब जुळल्यासारखा दिसतो, पण तो खोटा असतो. आमच्या धंद्यात अशा माणसाला नोकरीवरून काढतात.

जिन्यातला प्रश्न

नया नगरात राहणाऱ्याला सुट्या वाक्याची ताकद समजावून द्यावी लागत नाही. कोणीतरी, कोठेतरी केलेल्या भाषणाचा वीस सेकंदांचा तुकडा दुपारी येतो आणि संध्याकाळी दुकानांची शटर लवकर खाली येतात. बाया मुलांना शिकवणीहून आणायला स्वतः जातात. ते भाषण पूर्ण ऐकलेला माणूस तुम्हाला सबंध गल्लीत सापडत नाही. गोड वाक्याचेही तेच. टिळकांचे सुटे वाक्य पुढे पाठवणारा आमचाच माणूस असतो. त्याला ते ढालीसारखे वाटते. पण सुट्या वाक्याची ढाल दुसऱ्या सुट्या वाक्याने फुटते. त्या मुलाच्या मोबाईलवर एका संध्याकाळी नेमके तेच झाले होते.

त्या दिवसानंतर तो दोन-तीनदा घरी आला. मी त्याला नगरच्या भाषणाची झेरॉक्स दिली आणि पाच प्रश्न एका कागदावर लिहून दिले : कधी, लिहून कोणी घेतले, कोणत्या भाषेत, समोर कोण, पुढे काय झाले. पंधरा दिवसांनी तो कागद परत घेऊन आला. त्याने सगळ्यांची उत्तरे लिहिली होती आणि खाली स्वतःचा सहावा प्रश्न घातला होता : "अंकल, त्या सभेत बसलेल्या मुसलमानांना ते ऐकून काय वाटलं असेल?"

लघुलेखक टाळ्यांची नोंद घेतो. ऐकणाऱ्याच्या मनातले टिपायला तो नेमलेला नसतो. मला नानीचे झेंडीगेटचे घर आठवले. ३१ मे १९१६ ला त्या गल्लीतून कोणी सभेला गेले असेल, रात्री घरी येऊन काहीतरी सांगितले असेल. ते कोणत्याच कागदावर नाही. मी मुलाला म्हटले, "हा प्रश्न तुझ्याकडेच ठेव. पुढचं भाषण वाचताना सगळ्यात आधी हाच विचार."